खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव: पाहायचे कसे, टिपायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीचा काठ आणि उरण-पेणकडची खाजणं, मिठागरं इथून आणलेलं पाणी मी घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि त्याचे फोटो काढतो. फोटो पाहिले की लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. कॅमेऱ्याबद्दल फार विचारलं जातं, भरती-ओहोटीबद्दल फार कमी. माझ्या मते प्रमाण उलटं हवं.

त्या काळ्या चिखलात पाहण्यासारखं असतं तरी काय?

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाकडे उन्हात नीट पाहा. काळ्या गाळावर ठिकठिकाणी सोनेरी-तपकिरी साय धरलेली दिसेल. ती साय म्हणजे डायटम, काचेच्या पेटीत राहणारी एकपेशीय शैवालं. ही पेटी खरोखरच सिलिकाची असते. नखाएवढ्या जागेत ते हजारोंनी असतात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट द्रवामुळे गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर चिखल सहजी वाहून जात नाही.

त्यांच्या अवतीभवती त्यांना खाणारी मंडळी असतात. झिलमिल केसांवर धावणारे सिलिएट, सापासारखे वळवळणारे गोलकृमी, एका डोळ्याचे कोपेपॉड, चुन्याच्या शंखात राहणारे फोरॅमिनिफेरा. निळ्या-हिरव्या जिवाणूंचे धागे तर सगळीकडे.

एकच जीव निवडायचा झाला तर मी बॅसिलारिया नावाचा डायटम दाखवेन. काड्यापेटीतल्या काड्या शेजारीशेजारी लावाव्यात तशा याच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात. बघता बघता पहिली काडी दुसरीवरून सरकते, दुसरी तिसरीवरून, आणि आखूड जुडगा लांबच लांब तिरकी माळ होतो. टोकाला पोचल्यावर सगळ्या काड्या परत फिरतात, जुडगा मिटतो आणि दुसऱ्या बाजूला उलगडतो. या पेशींना ना पाय, ना केस. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी दिसलं की हातातलं काम थांबतं.

पाणी कुठलं घ्यावं? खाडीचं, खाजणातलं की मिठागरातलं?

तिन्ही घ्या, पण तीन बाटल्यांत. ही तीन वेगळी गावं आहेत.

समुद्राच्या दर लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत आत यावं तसं नदीचं पाणी मिसळून हे प्रमाण घटतं, आणि पावसाळ्यात तर फारच खाली येतं. खाजणात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खारजमिनीत, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, किती पाणी आत आलं आणि उन्हाने किती आटलं यावर सगळं ठरतं. तिवरांच्या मुळांशी किंवा मोरसच्या झुडपांमधे साचलेली डबकी दोन दिवसांत बदलतात. मिठागरात ही चढण ओळीने पाहायला मिळते. पहिल्या तळ्यात समुद्राचं पाणी आणि पुढच्या प्रत्येक तळ्यात जास्त खारं. मूळ पाणी साधारण दहापट आटलं की मीठ धरू लागतं.

क्षार वाढतात तशा जाती कमी होतात, पण टिकलेल्या जातींची संख्या प्रचंड वाढते. खाडीच्या थेंबात वीस प्रकारचे जीव सापडतील. मिठाच्या वाफ्यातल्या थेंबात दोन-तीनच, पण खचाखच भरलेले. नवशिक्याने खाडीपासून सुरुवात करावी. वाफ्याचं पाणी लेन्सना त्रासदायक असतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कधी जावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चिखलातले डायटम दिवसा ओहोटी लागली की वर येतात, ऊन खातात आणि पाणी परत चढायच्या आधी गाळात उतरतात. भरतीच्या वेळी गेलात तर हाती गढूळ पाणीच लागेल. ओहोटी हवी, आणि तीही डोक्यावर ऊन असताना.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी दहाच्या सुमारास. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. हे गणित मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचं आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते, त्यामुळे नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या.

यातून एक गोष्ट निघते. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं खरं, पण आपल्याकडे ती खोल ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, जेव्हा ऊन नसतं. डायटमसाठी मला भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस जास्त आवडतात, पंचमी ते नवमी. चिखल कमी उघडतो, पण भर उन्हात उघडतो. उधाणाचे दिवस मी काठाच्या वरच्या डबक्यांसाठी ठेवतो, कारण एरवी कोरड्या राहणाऱ्या त्या जागांत तेव्हाच नवं पाणी चढतं.

मिठागरासाठी मार्च ते मे. पावसाळ्यात वाफे गोड्या पाण्याने भरतात आणि तिथलं जग पार बदलतं.

परवानगी लागते का?

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मधे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका, चमचाभर गाळसुद्धा नाही. कांदळवनंही संरक्षित आहेत. तिवराची श्वासमुळं तुडवत आत शिरणं चूकच. मिठागरावर तिथे काम करणाऱ्यांना विचारून जा. वाफ्याचा तळ त्यांनी पायांनी तुडवून, चोपून घट्ट केलेला असतो, त्यात बूट घालून उतरायचं नसतं. विचारलं की माणसं आपणहून दाखवतात कुठल्या तळ्याचा रंग बदललाय ते. त्यांच्याइतकं ते पाणी कोणी पाहिलेलं नसतं.

पाणी आणि गाळ गोळा करायला काय लागतं?

रुंद तोंडाच्या तीन-चार प्लास्टिकच्या बरण्या, एक जुना चमचा, औषध पाजायचा ड्रॉपर, कागदी चिकटपट्टी आणि पेन्सिल. शाईचे अक्षर खाऱ्या पाण्याने पुसलं जातं, पेन्सिलचं राहतं.

चमचा चिखलात खुपसू नका. वरची साय तेवढी हलक्या हाताने खरवडा, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. खालचा काळा थर लोखंडाच्या सल्फाइडमुळे काळा असतो आणि सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो थर वेगळा अभ्यास म्हणून घ्या, मिसळू नका. बरणी अर्धीच भरा, वर हवा राहू द्या, आणि बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. बंद गाडीत तासभर उन्हात राहिलेली बरणी म्हणजे मेलेलं पाणी. शक्यतो त्याच दिवशी पाहा.

एकटे जाऊ नका. खाडीच्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि भरती मागून येते. कालवांच्या शिंपल्या पाय कापतात, तेव्हा अनवाणी कधीच नको. शहरालगतच्या खाडीत सांडपाणीही असतं. हातमोजे घाला, घरी आल्यावर साबणाने हात धुवा, आणि जखम असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

स्लाइडवर नुसता गाळच दिसतो. डायटम वेगळे कसे करायचे?

त्यांना स्वतःहून वर येऊ द्या. खरवडलेली साय बशीत पातळ पसरा, वरचं पाणी निथळून टाका. ओल्या गाळावर लेन्स पुसायच्या पातळ कागदाचा तुकडा अलगद ठेवा आणि बशी खिडकीपाशी उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही. तासा-दोन तासांत डायटम उजेडाकडे सरकत कागदाच्या धाग्यांत शिरतात. कागद चिमट्याने उचलून त्याच जागच्या गाळलेल्या पाण्याच्या थेंबात हलवला की स्वच्छ, जिवंत डायटम मिळतात आणि गाळ खाली राहतो.

हे करताना घड्याळ पाहा. मी दुपारी आणलेला गाळ घरी चारच्या सुमारास सोनेरी होता आणि खाडीत भरती चढायच्या वेळेला बशीतही फिकट पडला, डायटम खाली गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बशीत ना लाट होती ना पाणी चढत होतं. खाडीची वेळ त्या पेशींच्या अंगात होती. बशीत ही लय काही दिवस टिकते, मग हळूहळू विस्कटते.

सूक्ष्मदर्शक कुठला घेऊ?

शाळा-कॉलेजात असतो तसा, ४, १० आणि ४० पटीची ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं) असलेला, खाली वर-खाली होणारा कंडेन्सर (स्लाइडवर उजेड एकवटणारं भिंग) आणि उजेड कमी-जास्त करायचा पडदा असलेला. कंडेन्सर नसलेला घेऊ नका, मग तो ‘२००० पट’ दाखवतो असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी. नुसती पट वाढवून बारकावा वाढत नाही, डाग मोठा होतो. दृश्य प्रकाशाने साधारण ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं वेगळं दिसत नाही, भिंग कितीही महाग असो. १०० पटीचं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह पहिल्या वर्षी लागत नाही.

पैसे नसतील तर मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डला बनवलेला कागदी फोल्डस्कोप आहे. तो साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि खिशात मावतो. कोपेपॉड, गोलकृमी, मोठे डायटम त्यात छान दिसतात. खाडीकाठावरच पाहायचं असेल तर मी आजही तोच नेतो.

मोबाइलने चांगले फोटो येतात का?

येतात. मोबाइल हातात धरून मात्र नाही. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसणारा धारक घ्या आणि मुख्य कॅमेराच वापरा, अतिरुंद नको. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा, नाहीतर जीव हलला की चित्र उजळतं-काळवंडतं. टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानेही ४० पटीवर चित्र हलतं.

चित्रात आडवे काळे पट्टे सरकत असतील तर दोष दिव्याचा आहे. एलईडी मंद केल्यावर तो फार वेगाने लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दिवा पूर्ण ठेवा आणि उजेड कमी करायला मधे ट्रेसिंग पेपर घाला.

हलणाऱ्या जिवांचा आधी व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातून चित्र काढा. ४० पटीवर एका वेळी फार तर मायक्रॉनभर जाडीचा थर स्पष्ट असतो. म्हणून स्थिर डायटमचे फोकस किंचित बदलत आठ-दहा फोटो घेऊन ते सॉफ्टवेअरने एकत्र करावेत. पोहणाऱ्या जिवावर हा प्रयोग करू नका, दोन शेपट्यांचा प्राणी तयार होतो आणि लोक तो खरा मानतात.

काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे फोटो कसे काढतात?

काळ्या कार्डपेपरची गोल चकती कापून कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खाचेत मधोमध ठेवा. सरळ येणारा उजेड अडतो, कडेने तिरका जातो, आणि जिवाला आपटून वळलेला तेवढा भिंगात शिरतो. चकती पंधरा मिलिमीटरच्या आसपास कापून सुरुवात करा, मग थोडी लहान-मोठी करत बसवा. ४ आणि १० पटीला हे उत्तम जमतं. ४० ला साध्या कंडेन्सरने जमत नाही, तिथे चकती थोडी बाजूला सरकवून तिरका उजेड घ्या. डायटमच्या काचेवरच्या रेघा अशा उजेडात उठून दिसतात. प्ल्युरोसिग्मा नावाच्या लांबट, किंचित वळणदार डायटमवरच्या बारीक नक्षीचा उपयोग पूर्वीपासून भिंगांची परीक्षा घ्यायला होत आला आहे.

जीव फार वेगाने पळतात. थांबवायचे कसे?

कापसाचे चार-पाच तंतू थेंबात टाका, त्यांच्या कुंपणात ते अडकून फिरतात. किंवा कव्हरस्लिपच्या (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या) कडेने टिपकागदाने थोडं पाणी ओढून घ्या, जागा कमी झाली की वेग मंदावतो. पण लक्ष ठेवा, आणखी पाणी गेलं तर जीव चिरडतो. फोटोसाठी जीव मारायची रसायनं मी वापरत नाही. मेलेला सिलिएट काही क्षणांत फुटतो आणि त्याचा फोटो त्याच्यासारखा राहतही नाही.

थेंब दाट असेल तर नळाचं पाणी घालून पातळ करू का?

नको. खाऱ्या पाण्यातल्या पेशीला गोडं पाणी लागलं की ते आत घुसतं, पेशी फुगते आणि बहुतेकदा फुटते. मिठागरातल्या डुनालिएला या शैवालाला तर कडक पेशीभित्तिकाच नसते. पातळ करायचंच असेल तर त्याच बरणीतलं पाणी कॉफीच्या फिल्टरमधून गाळून वापरा.

उलटा धोकाही असतो. दिव्याच्या उबेने थेंब आटतो आणि दहा-पंधरा मिनिटांत खाडीचं पाणी मिठागराचं होतं. तेव्हा दिसणारी वागणूक ही गुदमरलेल्या जिवाची असते. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीनची बारीक रेघ लावा, मग तासभर निर्धास्त पाहता येतं.

स्लाइडवर चौकोनी काचेसारखं काहीतरी उगवतं. तो कुठला जीव?

तो जीव नाही, मीठ आहे. थेंब आटला की कडेला मिठाचे चौरस स्फटिक धरतात. दिसतात देखणे, पण ऑब्जेक्टिव्हला लागले तर नुकसान करतात. माझ्या पहिल्या ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हच्या टोकाला वाफ्याचं पाणी लागलं, ते मी सुक्या कापडाने पुसलं आणि स्फटिकांनी काच कायमची ओरखडली. म्हणून आधी डिस्टिल्ड पाण्याने ओल्या केलेल्या लेन्सच्या कागदाने मीठ विरघळवा, दोनदा, आणि मगच कोरडं करा. स्टेजवर, म्हणजे स्लाइड ठेवायच्या जागी, सांडलेलं पाणीही लगेच टिपा, लोखंडी भाग एका पावसाळ्यात गंजतो.

मिठागराचं पाणी गुलाबी का होतं? लोणारचंही तेच कारण होतं का?

मिठागरात दोन जीव मुख्य. डुनालिएला मुळात हिरवं शैवाल आहे, दोन शेपट्यांनी पोहणारं. प्रखर ऊन आणि खूप मीठ यांत ते बीटा कॅरोटीन साठवतं आणि नारिंगी-लाल दिसू लागतं. बाहेरच्या मिठाशी तोल राखायला ते पेशीत ग्लिसरॉल तयार करतं. पाणी आणखी आटलं की मीठप्रिय आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) वाढतात, त्यांची रंगद्रव्यं लाल-गुलाबी. त्यातलाच हॅलोक्वाड्रॅटम हा प्रकार खरोखर चौकोनी आणि कागदासारखा चपटा असतो. तो इजिप्तमधल्या सायनाय भागातल्या खाऱ्या डबक्यात सापडल्याचं १९८० मधे प्रसिद्ध झालं, आणि प्रयोगशाळेत वाढवता यायला २००४ उजाडलं. साध्या उजेडात तो जवळपास दिसत नाही, फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे पारदर्शक जीव उठून दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची खास सोय, लागतो.

लोणार सरोवर जून २०२० मधे गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून असेच मीठप्रिय आर्किया असल्याचं सांगितलं. लोणारचं पाणी खारं असण्याबरोबर अतिशय अल्कधर्मीही आहे, म्हणून तिथली बाकीची वस्ती मिठागरासारखी नाही.

खाडीवर येणाऱ्या छोट्या रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, गुलाबी रंगही इथलाच. निळे-हिरवे जिवाणू आणि डायटम ते चोचीने गाळून खातात, त्यांतली कॅरोटीनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात.

नाव कसं ओळखायचं?

प्रजातीच्या नावाची घाई नको. फोटोवरून ‘हा नेव्हिक्युला या डायटमसारखा’ एवढं म्हणता आलं तरी पुरे. डायटमची प्रजाती ठरवायला काचेची पेटी स्वच्छ करून तिच्या रेघा मोजाव्या लागतात. आकार मात्र प्रत्येक वेळी मोजा. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर मिळतो, एका मिलिमीटरचे शंभर भाग पाडलेली काचपट्टी. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला तिचा एकदा फोटो काढून ठेवला की पुढच्या सगळ्या फोटोंवर मोजपट्टी टाकता येते. फोटो मोबाइलचा झूम न बदलता काढा, नाहीतर मोजमाप फसतं.

फोटोसोबत काय लिहून ठेवायचं?

तारीख, जागा, तिथी, भरती की ओहोटी आणि तिला किती वेळ झाला, पाण्याचा खारटपणा, आणि पाणी घेतल्यापासून किती तासांनी पाहिलं. खारटपणासाठी थेंब टाकून पाहायचं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, मत्स्यालयवाले वापरतात ते. मिठागराच्या पाण्यासाठी त्याची पट्टी कमी पडते, तिथे डिस्टिल्ड पाण्याने मोजून पातळ करा आणि तेवढ्या पटीने गुणा. हे फक्त मोजण्यापुरतं, पाहायच्या थेंबात नाही.

हे लिहिलेलं नसेल तर फोटो सुंदर असतो, पण मुका. माझ्याकडे सुरुवातीच्या दोन वर्षांचे कित्येक फोटो आहेत ज्यांतला जीव स्पष्ट दिसतो, पण तो भरतीबरोबर आला की चिखलातला, मे महिन्यातला की पावसानंतरचा, आता कोणालाच सांगता येणार नाही. नंतर मी एकाच उघाडीपाशी, एकाच दगडाजवळ, दर पंधरवड्याच्या अष्टमीला जायला लागलो. पहिल्या पावसानंतर डायटमची साय जाऊन हिरवी शैवालं कशी येतात, दिवाळीनंतर खारटपणा चढताना बॅसिलारिया कशी परतते, हे तेव्हा कुठे दिसायला लागलं. नव्या जागा शोधत फिरण्यापेक्षा एक जागा वर्षभर धरा, असं मी आग्रहाने सांगेन.

मुलांना घेऊन करता येईल असं काही?

आर्टेमिया. खाऱ्या तळ्यांत राहणारा, कोळंबीचा दूरचा नातलग. त्याची सुकी अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅमच्या आसपास मीठ, उजेड आणि हवेचा पंप, एवढ्यावर दीड दिवसात नारिंगी पिल्लं बाहेर पडतात. ती ४ पटीवर पाहा. एकच डोळा आणि वल्ह्यासारखे हात. ही पिल्लं खाडीत सोडू नका, दुकानातली अंडी बहुतेकदा परदेशी असतात.

पाहून झालेलं पाणी परत खाडीत टाकू का?

त्याच जागचं, त्याच दिवशीचं, काही न मिसळलेलं असेल तर तिथेच सोडा. वेगवेगळ्या जागांचं एकत्र झालेलं असेल तर उकळून, गार करून मोरीत ओता. मी मात्र प्रत्येक फेरीतली एक बरणी ठेवतो. झाकण सैल, उत्तरेच्या खिडकीत. महिन्याभरात काचेच्या कडेने गाळाचे थर दिसू लागतात, वर हिरवा, त्याखाली कधी जांभळट गंधक-जिवाणूंचा पट्टा, तळाला काळा. सध्या खिडकीत पाच आहेत, आणि फेब्रुवारीतल्या बरणीचा जांभळा पट्टा अजून वर सरकतोय.